चक्कर तिची, आवाज माझा

“हिचा खटका जरा मऊ करा हो. लोक आवाजालाच औषध समजतील,” मला जोडणाऱ्या कारागिराला त्याची बायको म्हणाली होती. कारागीर नुसता हसला. मीही ते बोलणं कानाआड केलं. नवी होते, चकचकीत होते. आपला आवाज खणखणीत असल्याचं दुःख कोण करत बसतं?

मित्रांनो, मी एक जुनी खाट आहे. निजायची नव्हे, उपचाराची. मणके आणि सांधे हातांनी हलवून उपचार करणाऱ्यांना कायरोप्रॅक्टर म्हणतात. त्यांच्याच दवाखान्यात मी माझं उभं आयुष्य आडवं काढलं. माझ्या उशाशी एक भोक आहे. पालथं झोपणाऱ्याने त्यात तोंड घालायचं आणि जमिनीकडे बघत श्वास घ्यायचा. मानेखालची माझी फळी थोडी उचलून ठेवता येते. वरून दाब आला की ती बोटभर खाली पडते आणि ‘खाड्’ असा आवाज होतो. कमी जोरात काम व्हावं म्हणून केलेली ही युक्ती. आवाज माझ्या लोखंडाचा, पण झोपलेला माणूस डोळे मिटून म्हणतो, “आहाहा! बसलं बघा हाड!”

सुरुवातीला मी थोरल्या बाईंकडे होते. त्यांचे हात उबदार होते आणि प्रश्न फार. चक्कर येते म्हणून कुणी आलं, की माझ्यावर झोपायच्या आधी त्याची उलटतपासणी व्हायची. खोली फिरते की तुमचा तोल जातो? कूस बदलताना येते? उठल्यावर अंधारी येते? मान वळवल्यावर? कानात काही वाजतं? गोळ्या कोणत्या चालू आहेत? माणूस कंटाळून म्हणायचा, “बाई, चक्कर येते, एवढंच.” त्या म्हणायच्या, “चक्कर ही तक्रार झाली. आजार कोणता, ते अजून ठरायचंय.”

एक रंगारी यायचा. दिवसभर मान मागे टाकून छतं रंगवणारा. मान आखडली की त्याला शिडीवर गरगरायचं. मोठ्या डॉक्टरांनी कान, रक्तदाब, सगळं आधी तपासलं होतं. मग बाईंनी कित्येक आठवडे हलक्या हातांनी त्याची मान मोकळी केली, घरी करायचे व्यायाम शिकवले. एकदा तो आनंदाने सांगत आला, “बाई, शिडी हलायची थांबली हो!”

“शिडी कधीच हलत नव्हती रे बाबा. तू हलत होतास.”

म्हणजे या उपचाराने कुणालाच गुण येत नाही, असं मी म्हणणार नाही. मूळ मानेत असेल तर येऊ शकतो. पण एकदा एक टॅक्सीवाला आला. अचानक चक्कर सुरू झालेली, जीभही जड झालेली. बाईंनी त्याला माझ्यावर झोपूच दिलं नाही. “इथे नाही. याला आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या.” तो अडखळत भांडला, “इतक्या लांबून आलो, नि तुम्ही हातसुद्धा लावत नाही?” खरं सांगायचं तर मलाही राग आला होता. दारात आलेलं गिऱ्हाईक कुणी परत पाठवतं का?

पुढे बाईंचे हात थरथरू लागले आणि दवाखाना त्यांच्या भाच्याकडे आला. भाचा गोडबोल्या. बाहेर बाकावर दाटी वाढली तसे आतले प्रश्न आटले. “मानेतच घोळ आहे. झोपा,” एवढं बोलून तो हात धुवायला वळायचा. मग खाड्! माझं कौतुक गावभर झालं. “त्या खाटेवर जादू आहे,” असं लोक म्हणायचे. फुगले मी.

अशात ती आली. वाचनालयात काम करणारी, पहिलटकरीण, लेक चार महिन्यांची. सोबत नणंद होती आणि लेक नणंदेच्या कडेवर. लेकीला घरी चिंगी म्हणत. पालथी झाल्यावर आई माझ्या भोकातून जमिनीला सगळं सांगायची. वरच्या कप्प्यातलं पुस्तक काढायला मान वर केली की कपाटं फिरतात. अंथरुणात उजव्या कुशीवर वळलं की खोली फिरते. सासू म्हणते, “आमच्या वेळी नव्हत्या बाई असल्या चकरा. पोर रडलं की नेमक्या येतात!” नवरा भला. तो म्हणतो, “तू नकोच उचलूस तिला. ताई आहे ना!”

“मी तिला जमिनीवर बसूनच घेते,” ती म्हणाली. “उभं राहून घ्यायची छाती होत नाही. हातातून पडली तर?”

“दोन-चार वेळा या. उचलाल बिनधास्त,” भाचा म्हणाला.

मित्रांनो, आता नीट ऐका. ती माझ्यावर आडवी व्हायची आणि डोकं उजवीकडे वळवायची, त्याच क्षणी तिची नखं माझ्या गादीत रुतायची. डोळ्यांची बुबुळं थरथरायची. भाच्याने अजून बोटही लावलेलं नसायचं. तो बेसिनपाशी, आमच्याकडे पाठ करून, साबण लावत उभा. हात पुसून वळेपर्यंत तिची गरगर थांबलेली असायची. तो मान धरायचा. खाड्!

“कसं वाटतंय?”

“हलकं वाटतंय थोडं.”

काय बोलणार बिचारी? समोरचा इतक्या आशेने विचारत असतो की नाही म्हणवत नाही. आणि दोन-चार दिवस खरंच बरे जायचे, कारण असली चक्कर कधीकधी आपली आपणच दडी मारते. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इकडे चिंगी बसायला लागली, रांगायला लागली, माझ्या पायाला धरून उभी राहिली, पहिली पावलं टाकू लागली. सगळं आत्याच्या पदराखाली. पहिला दात आत्याला दिसला. पडली की धावायची आत्या. आई बाजूला बसून टाळ्या वाजवायची.

एके दिवशी थोरल्या बाई विसरलेली छत्री न्यायला आल्या. चिंगीची आई माझ्यावर आडवी होत होती. बाई दारातच थबकल्या.

“मुली, डोळे मिटू नकोस. माझ्याकडे बघ.” त्यांनी वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग भाच्याला हाक मारली. “अरे, ही झोपते कशी, ते कधी पाहिलंस का?”

“मावशी, मान बघतोय ना मी तिची!”

“मानेच्या आधी माणूस बघावं. हिला कानाच्या डॉक्टरांकडे पाठव.”

भाच्याचे कान लाल झाले. त्याने चिठ्ठी लिहून दिली. मला मात्र तिचा जाताना वळलेला चेहरा आठवतो. इतके महिने मग मी इथे काय करत होते, असं तिने विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कानाच्या आत अगदी बारीक खडे असतात म्हणे. ते जागा सोडून भलतीकडे गेले की डोकं वळवताच जग फिरतं. कानाच्या डॉक्टरांनी तिला साध्या पलंगावर निजवून डोकं ठरावीक रीतीने या बाजूला, त्या बाजूला वळवलं. दोन खेपांत काम झालं. ना खटका, ना आवाज.

ती शेवटची आली ती पेढे द्यावेत तशी बातमी द्यायला. ताठ उभी होती. “बघा हं,” म्हणाली आणि नणंदेच्या कडेवरून तिने चिंगीला उचलून घेतलं. उभ्याने. पहिल्यांदा.

चिंगीने तोंड वाकडं केलं. मग भोकाड पसरलं आणि दोन्ही हात आत्याकडे टाकले.

“अगं वेडे, आई आहे ती तुझी!” नणंद ओशाळून म्हणाली. तिचा काय दोष? तिने तर जीव लावला होता.

“राहू दे,” आई हसली. “सवय नाही ना तिला माझ्या कडेची.” आणि तिने लेक परत दिली.

“होईल हळूहळू,” भाचा म्हणाला आणि हात धुवायला वळला.

मित्रांनो, चक्कर गेली. पण ते रांगणं, तो दात, ती पहिली पावलं कोणता डॉक्टर परत देणार? माझ्यावर झोपून कुणाची हाडं मोडली नाहीत. आई-लेकीच्या मधलं काहीतरी मोडलं, आणि त्याचा आवाज कुणालाच आला नाही.

आता बटणावर वरखाली होणारी नवी खाट आली आहे. मी बोळात पडून आहे, अंगावर खोकी घेऊन. माझी धूळ पुसा असं मी म्हणत नाही. माझं काय, लोखंडच.

पण तुमच्या घरात कुणी भिंतीला हात लावत चालत असेल. वरच्या फळीवरचा डबा नेहमी दुसऱ्याला काढायला सांगत असेल. कूस बदलताना अंथरुणाची कड घट्ट धरत असेल. “काही नाही रे, अशक्तपणा आहे,” असं म्हणून हसत असेल. त्या हसण्यावर जाऊ नका. कधी येते, कशाने येते, किती वेळ राहते, ते विचारा. सोबत डॉक्टरांकडे जा आणि मान कुणाच्या हाती देण्याआधी कारण शोधायला सांगा. बोलणं अडखळत असेल, तोंड वाकडं होत असेल, हातपाय लुळे पडत असतील, तर क्षणभरही थांबू नका.

आज शाळेतून घरी गेलात की दप्तर ठेवायच्या आधी आईला विचारा, तिला कधी चक्कर येते का.