फेट्याचं दुसरं टोक

"ताण की जरा! शाळेत काय शिकवत्यात गं तुला?"

"आबा, फेटा फाटेल हं!"

"फाटतोय! साताऱ्याच्या पेठंतला हाय त्यो."

अंगणाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आबा, आणि मध्ये ताणलेला गुलाबी फेटा. आबा गरगर फिरत माझ्याकडं यायचे आणि त्यांच्या डोक्यावर एकेक पीळ चढत जायचा. हे आमचं रोजचंच. पण त्या दिवशी पंधरा ऑगस्ट होता, साल एकोणीसशे एकोणपन्नास, म्हणून फेटा जास्त कडक हवा होता. आणि खरं सांगायचं तर आबांचा जळफळाटही जास्त होता.

कारण होता फंड. माझे आबा, म्हणजे वडील, नाथाजी हवालदार, यांची उभी नोकरी साताऱ्याच्या पोलिसात झाली. दर पगारातून पोलीस फंडाचा वाटा कापला जायचा. शिवाय दरसाल कुस्त्यांचं मैदान भरवून तिकिटांचा पैसा फंडात घालायचे. त्या मैदानावर लोकांना काठीनं मागं सारायला आबाच उभे असत. त्या फंडातून कुणा शिपायाच्या विधवेला शिवणयंत्र मिळे, कुणाच्या पोराची फी भरली जाई. आबांनी कधी काही मागितलं नव्हतं. पण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, तेव्हा अर्ज केला. अर्ज मी लिहिला, इंग्रजीत! मी इंग्रजी सहावीत, वक्तृत्वात पहिली. "आय बेग टु स्टेट" असं झोकात सुरू केलं होतं. मिरजेला शस्त्रक्रिया होणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

आणि फंडानं त्या वर्षी डोळ्यांसाठी एकच माणूस निवडला. तो कोण, तर गुंडाकाका!

गुंडाकाका सांगली संस्थानचे जुने शिपाई. संस्थान विलीन झालं, त्यांचं खातं आमच्या खात्यात मिसळलं, आणि तेही फंडाचे झाले. माझा थोरला भाऊही पोलिसात, तो सांगलीला बदलून आल्यामुळं आम्ही इथल्या पोलीस लायनीत राहत होतो. मागच्या बाजूच्या खोलीत काका एकटे असायचे.

"एक दिडकी घातली न्हाई फंडात," आबा म्हणायचे, "आन् पयला पाट ह्येच्यासाठी!"

"आवं, त्येंचं दोनी डोळं गेल्यात," आई म्हणायची.

"मग माजा बी दुसरा जाऊ दे, मंजी साहेबाचं समाधान हुईल!"

मला आबांचं अगदी पटायचं. माझ्या इंग्रजीपुढं काकांचा अंगठा जिंकला होता!

त्या सकाळी फेटा बांधून होतोय, तोच काका दारात आले. काखेत त्यांच्या फेट्याची घडी होती.

"विजयमाला, पोरी, जरा टोक धरतीस का? एकल्यानं जमंना झालंय."

मी आबांकडं पाहिलं. आबा मिशी पिळत म्हणाले, "आमाला घाई हाय, गुंडा."

"बरं, बरं. व्हा म्होरं," काका म्हणाले, आणि भिंत चाचपत गेले.

परेडच्या मैदानावर झेंडा झाला, बँड झाला. आम्ही दोरीला लागूनच उभे होतो. मग साहेबांनी फंडाच्या मदतीची नावं वाचली. काकांचं नाव आलं. ते उघड्या डोक्यानं, काखेत घडी घेऊन, ताठ चालत निघाले, पण साहेबांकडं नाही! सरळ बँडकडं. मोठ्या ढोलासमोर थांबले, टाच जुळवली आणि झकास सलाम ठोकला.

मैदान खदखदून हसलं. मीही हसले. ढोल वाजवणारा बिचारा सलाम परत करावा की नाही या विचारात टिपरू धरून उभा!

आबा मात्र हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले.

"उघड्या डोक्यानं सलाम?" ते दातांत पुटपुटले. "वर्दीतल्या माणसानं? संस्थानात काय शिकिवलं का न्हाई ह्येला!"

आणि ते दोरी ओलांडून आत गेले. मला वाटलं, आता काकांना चार लोकांत खडसावणार. आबांनी स्वतःचा फेटा दोन्ही हातांनी उचलला, जसाच्या तसा, आणि काकांच्या डोक्यावर बसवला. मग खांदे धरून त्यांना फिरवलं.

"साहेब हिकडं हाय. आता मार."

काकांनी सलाम केला. साहेबांनीही केला. आबांचं डोकं उघडं, त्यामुळं त्यांनी हात वर नेला नाही. मांड्यांना हात चिकटवून ते तसेच उभे राहिले. त्यांच्या टकलावर ऊन चमकत होतं. हसणं कधी थांबलं, मला कळलंच नाही.

आबा घरी आले तसे आईनं तोंडावर हात धरला. "आवं, उगड्या डोस्क्यानं? कोन गेलं?"

"फेटा गेला," आबा म्हणाले, आणि पाटावर बसले.

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या गाडीआधी काका फेटा परत द्यायला आले.

"घालून जा त्योच," आबा म्हणाले. "दिसाया लागलं मंजी आनून दे. रंग तरी बगशील, कसला भारी हाय त्यो." आवाजात जळफळाट होताच, लपला नव्हता. "तुजा दे हिकडं."

काका गेले. त्यांनी काखेतून काढून दिलेली ती चुरगळलेली घडी आबांनी उलगडली. धुऊन धुऊन रंग उडालेला.

"कसला रंग गं ह्यो?"

"केशरी असावा, आबा. पूर्वी."

"आसंल. मला तर पांडराच दिसतोय." त्यांनी एक टोक डोक्याला लावलं. "धर."

मी दुसरं टोक घेऊन अंगणाच्या शेवटाला गेले. फेटा जुना होता, तरी मी घट्ट ताणला.