बंडीतली जागा

सुंदरराव शाळामास्तर, पण स्वभाव अजून शिष्याचा. एकदा एखाद्याला मानलं की मानलं. आणि त्याने मानलं कोणाला, तर मुन्सफ कोर्टातल्या वकील कल्याणरामाला. अहो, देव मानू नकोस म्हणून शिकवणाऱ्यालाच या पठ्ठ्याने देव करून ठेवलं, आणि हे त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही!

कुंभकोणच्या कावेरीच्या घाटावर संध्याकाळी तिघांची बैठक बसे. तिसरे चंद्रमौळी अय्यर, संस्कृतचे म्हातारे पंडित. त्यांच्याशी बोलणं तमिळमध्ये. अय्यर उठून गेले की हे दोघे आपल्या तंजावरी मराठीत शिरत. अय्यर म्हणत, पिकलेलं शेत दिसलं की नांगर धरणारा दिसला नाही तरी तो आहेच. कल्याणराम लगेच विचारी, “आणि नांगर धरणाऱ्याला कोणी पेरलं?” सुंदरराव आधी मधलाच होता. देव आहे की नाही हे माणसाला कळायचंच नाही, तर उगाच भांडा कशाला, असं म्हणायचा. त्यावर कल्याणरामाने त्याला असा झोडपला की विचारू नका. “कळत नाही म्हणणाऱ्याला दोन्ही दारं उघडी लागतात. पावसात या दारानं, उन्हात त्या दारानं. मास्तर, एक दार लावून घ्या!”

मग एकदा अय्यरांनी हळूच सांगितलं, “आमच्यात मीमांसकही आहेत बरं. फळ देणारा ईश्वर त्यांना नको. कर्म सांगितलंय ना, मग करायचं, संपलं.”

“तो तर सगळ्यांत लबाड!” कल्याणराम उसळला. “डोक्यात देव नाही आणि डोक्यावर घागर! ज्याला पटलं नाही, त्यानं अंग ओलं करू नये.”

हे वाक्य सुंदररावाच्या काळजावर कोरलं गेलं. त्याने जानवं खुंटीला टांगलं, वडिलांचं श्राद्ध बंद केलं. नात्यातल्यांनी पंगतीला बोलावणं सोडलं. बायको वत्सला मुकाट्याने सगळं सोसत राहिली. सुंदररावाला वाटे, जगाने वाळीत टाकलं तर टाको, कल्याणराम आहे ना आपल्या पाठीशी.

गेल्या कार्तिकात त्याची आई अंथरुणाला खिळली होती. तिचं एकच मागणं होतं. जवळच्या तिरुविसनल्लूर गावी अय्यावाळ नावाच्या सत्पुरुषाच्या मठात विहीर आहे. फार वर्षांपूर्वी अय्यावाळांनी श्राद्धाचं अन्न एका भुकेल्या अस्पृश्याला वाढलं. गावचे ब्राह्मण चवताळले, म्हणाले, आधी गंगेत न्हाऊन या. तर गंगाच त्यांच्या विहिरीत उसळून वर आली, असं सांगतात. म्हणून कार्तिकी अमावास्येला माणसं त्या विहिरीवर लोटतात आणि पाणी डोक्यावर ओतून घेतात. म्हातारीला तेवढं एक स्नान हवं होतं.

“सुंदरा, मज एकदा ने रे,” ती म्हणायची. “काशी कोठें मागतें मी? हें तर इथंच आहे.”

 सुंदरराव घाटावर गेला आणि कल्याणरामाला विचारलं, काय करू? कल्याणरामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आज नेलंत, तर उद्या तुमच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवील? विहिरीत गंगा येत नाही, पावसाचा पाझर येतो. तसं सांगा तिला.”

आणि या शहाण्याने खरंच तसं सांगितलं, मरायला टेकलेल्या आईला!  ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि पुन्हा कधी तिने ती गोष्ट काढली नाही. पोंगलच्या आधीच ती गेली. सुंदरराव एकटा असला की रडे, मग डोळे पुसून स्वतःला समजावी, निदान आपण खोटं वागलो नाही.

यंदाची अमावास्या आली तेव्हा वत्सलेने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “अम्मांसाठी मी जाणार. तुम्ही न्हाऊ नका, नुसतं सोबत चला.” नाही म्हणायला सुंदररावाकडे तोंड उरलं नव्हतं.

उजाडता उजाडता दोघं चिखल तुडवत तिरुविसनल्लूरला पोचली. वत्सला बायकांच्या रांगेत शिरली. सुंदरराव तिची कोरडी साडी घेऊन मठाच्या भिंतीशी उभा राहिला. विहिरीवर घागरीमागून घागरी रित्या होत होत्या. एक माणूस उघड्या अंगाने, हात जोडून, डोळे मिटून पाण्याखाली उभा होता. त्याने डोळे उघडले, तर कल्याणराम!

सुंदररावाला आधी वाटलं, आपल्याला भास झाला. मग कल्याणराम त्याला बघून ओशाळला, आणि भास नाही हे कळलं.

“मास्तर... तुम्ही इथं?”

“घागर डोक्यावर,” सुंदररावाच्या तोंडून एवढंच आलं.

कल्याणरामाने पंचा पिळला. “हे पाहा, रागावू नका. देव नाहीच, माझं मत तेच आहे. पण आई म्हणते म्हणून येतो. घाटावरची गोष्ट वेगळी. तिथं वाद असतो, वादात माणसाला एक बाजू धरून बोलावं लागतं.”

“मी बाजू धरून जगलो हो!” सुंदरराव ओरडला. चार माणसांनी वळून पाहिलं. “केसानं गळा कापलात माझा. हेच मला त्या दिवशी सांगायला काय झालं होतं? आई म्हणते म्हणून जा, एवढंच?”

वकील पुन्हा पंचा पिळायला लागला.

तेवढ्यात मागून कोणी तरी सुंदररावाचा दंड धरला. कल्याणरामाची म्हातारी आई, न्हालेली, थंडीने कुडकुडणारी. “कोण, सुंदर? बरें केलेंस आलास! हा मज दर वर्षीं आणतो, बैलांची बंडी करून. गेल्या वर्षींही आणलें. मींच म्हटलें, कल्याणा, बंडींत जागा आहे, सुंदराच्या आईस घेऊं, बिचारी किती दिवस म्हणतेय. तर हा म्हणाला, नको, सुंदरला आवडायचें नाही.”

सुंदररावाने कल्याणरामाकडे पाहिलं. तो खाली मान घालून पंच्याचं टोक पिळत होता. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

वत्सला ओल्या अंगाने आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिने नवऱ्याच्या हातातली साडी घेतली आणि त्याचा हात धरून ठेवला.

आभाळ भरून आलं. म्हातारी बंडीत चढली, सरकून बसली आणि शेजारची चटई थोपटत म्हणाली, “या ना दोघें. पाऊस येईल. पुष्कळ जागा आहे.”

“नको काकू,” सुंदरराव म्हणाला. “ती माझ्या आईची जागा आहे.”

तो वत्सलेला घेऊन कुंभकोणच्या रस्त्याला लागला. बंडी मागून आली, त्यांच्या बाजूने पुढे गेली. कल्याणराम तिच्यात मान खाली घालून बसला होता, आणि त्याच्या शेजारची चटई गावापर्यंत रिकामीच गेली.