बारा दाखवणारी बॅटरी

मी एक बॅटरी. दिग्रसजवळच्या तांड्यात, वर्षाबाईच्या घरी, दाराशेजारी इन्व्हर्टरखाली बसून बोलतेय. जागाच अशी मिळाली की कोण आलं, काय मागून गेलं, सगळं मला ठाऊक. ऐकू नये तेही ऐकून ठेवलंय.

खेमसिंगनं, म्हणजे वर्षाबाईच्या नवऱ्यानं, मला जीपच्या टपावरून आणलं तेव्हा शेजारच्या धुरपताबाईनं मला हळदकुंकू लावलं होतं. फार मायाळू बाई. माझ्यातलं पाणी कमी झालं की तीच भरायची. बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी संपलं तर हापशीचं, तेही लुगड्याच्या पदरानं गाळून. गाळलं म्हणजे शुद्ध, असा तिचा हिशेब. ज्या पाण्यानं तिच्या पितळी गुंडाला आतून पांढरा थर चढायचा, तेच पाणी माझ्या पोटात जात होतं. माझ्या शिशाच्या पट्ट्या आतून खराब होत गेल्या आणि वीज बाहेर सोडणं मला जड जाऊ लागलं.

वर्षाबाईची पोरगी राखी नववीत. माझ्याजवळच बसून मोठ्यानं वाचायची. वाहकाची अवस्था कायम असेल तर विभवांतर वाढेल तशी धारा वाढते. समांतर जोडणीत प्रत्येक फाट्याची धारा वेगळी, पण सगळ्यांची बेरीज उगमातूनच निघते. तो उगम म्हणजे मी. पुस्तकात माझं चित्र दोनच रेघांचं, एक लांब, एक आखूड. त्या रेघांना ना पोट, ना म्हातारपण. कितीही मागा, त्या तेवढंच देत राहतात.

यंदा वर्षाबाईनं थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून गावरान अंडी उबवायला ठेवली. पिल्लं निघाली की कोंबड्या पाळायच्या, ऊसतोडीला जायचं नाही. दर साली दिवाळीनंतर ट्रक यायचा आणि राखीची शाळा अर्ध्यात सुटायची.

"मुकादमाले सांगून देतो, यंदा तू नाई येत म्हणून," खेमसिंग म्हणाला.

"आधी पिल्लं तं निघू दे," ती म्हणाली. पण राखीच्या दप्तराला तिनं नवी चेन बसवून घेतली होती.

लाइनचा भरवसा नाही, म्हणून तिनं बबलूला बोलावलं. तांड्यातली वायरिंग तोच करतो. त्यानं माझ्या सगळ्या तारा सोडल्या आणि मीटर लावला. "बारा पॉइंट सहा. वैनी, तुमच्यापेक्षा तरणी आहे हे."

"मग तुह्या बायकोले दाखव मीटर," वर्षाबाई हसली.

अरे, ओझं नसताना कोणीही ताठ बसतं. बल्ब लाव, मग बघ. पण बॅटरीला तोंड कुठे असतं?

अंडी फुटायची वेळ आली. पेटीला कान लावला की आतून बारीक चिवचिव ऐकू यायची. त्याच दुपारी परतीच्या पावसानं खांब पाडले आणि लाइन गेली. आमच्या तांड्यात रीतच आहे, ज्याच्या घरी इन्व्हर्टर त्याच्या घरून शेजाऱ्यांनी वायर ओढायची. एकाचा पंखा लागला, दुसऱ्याचा टीव्ही. धुरपताबाई मिक्सरची वायर घेऊन आली. "जवाई आला वं बाई. चटणीपुरती लाव."

वर्षाबाईनं पेटीकडे पाहिलं. "मावशे, अंडे आहेत..."

"मिनटाचं काम आहे. बॅटरी चांगली आहे म्हणे बबलू."

जावयाचं नाव निघाल्यावर नाही कोण म्हणणार? मिक्सर फिरला तशी सगळ्यांची बेरीज माझ्यावर आली. माझा दाब माझ्याच पोटात खर्ची पडू लागला. बल्ब तांबूस झाले, इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद पडला. मग सगळ्यांनी आपापल्या वायरी काढल्या. धुरपताबाईनं तर हातच जोडले. पण पंख्यांनी, टीव्हीनं मला आधीच रितं केलं होतं.

लाइन दोन दिवस आली नाही. वर्षाबाईनं अंडी गोधडीत घेतली, चुलीजवळ बसली. कधी जास्त ऊब, कधी कमी. एकेक अंडं कानाला लावून ती बाजूला ठेवत गेली. शेवटचं तिनं बराच वेळ कानाशी धरलं.

"याडी, ऐकू येते?" राखीनं आईला विचारलं.

"तुह्ये पुस्तकं बांध," एवढंच ती बोलली.

दिवाळीनंतर ट्रक आला. लाइन कधीच परतली होती, माझंही पोट भरलं होतं. निघायच्या आधी बबलूनं पुन्हा माझ्या तारा सोडून मीटर लावला. "बारा पॉइंट पाच. चांगली तं आहे, वैनी. त्या दिवशी काहून गेली, समजत नाही."

धुरपताबाई दारात रडत होती. "पोरी, बरी आहेस नं?"

"बरी आहे, मावशे," वर्षाबाई म्हणाली आणि डोक्यावर बोचकं घेऊन खेमसिंगच्या मागं ट्रककडे गेली. मागून राखी, नव्या चेनीचं दप्तर घेऊन.

घराला कुलूप आहे. तारा सुटलेल्याच आहेत. बाबांनो, एखादीला बरी आहेस का विचारायचं, तर तिच्यावर ओझं असताना विचारा. माझं काय, आता कोणी मीटर लावला तरी मी बाराच दाखवीन.