काकणांवरून घेतलेलं माप

"गंगाबाय, हा पट्टा हाताला घेतलास की पायाला?" सुविधाने विचारलं.

तिसऱ्यांदा माझा बॉल कडेच्या चरात गेला होता. मोरजीच्या एका हॉटेलातल्या बोलिंग लेनवर आमच्या डिचोलीच्या ज्येष्ठ मंडळाचा पेडण्याच्या मंडळाशी सामना होता. सुविधा आमची कप्तान.

"पुढचा सरळ गेला नाही तर तुझ्या जागी रत्ना खेळेल."

बाकावर बसायला मी आले नव्हते. जन्मभर आडोळीवर नारळ खवून माझं मनगट तेवढं दुबळं झालंय. नजर अजून पक्की आहे. पट्टाही मीच निवडला होता. दुकानात आधी मऊ कापडी दाखवला. त्याने ऊब मिळेल, पण बॉलच्या वजनाने मागे मुडपणारं मनगट कसं सावरेल? मी हाताच्या पाठीला धातूची पट्टी येते तो घेतला. निवड चोख होती.

"माप कुठून घेतलंस?"

"मनगटावरून."

"काकणां धरून?"

पट्टा काकणांवरच बांधला होता, आणि गोल काचेवर तो फिरत होता.

सुविधाने आपला पट्टा सोडला. "काकणं काढलीस की तुझा सैल पडेल, माझा घे. पण उघड्या मनगटावर बांध."

लग्नात चुडा भरला त्या दिवसापासून माझा हात रिकामा राहिलेला नाही. नवी काकणं भरतानाही कासार एक जुनं ठेवायचा. नवं चढलं की मगच ते वाढवायचा. हे तेव्हा बार्जवर होते. सुर्ल्याचं खनिज मुरगावला न्यायचे. दर्या खवळल्याचं कानावर आलं की मी उगीच काकणं चाचपून बघायची. पुढे बार्ज सुटली, हे घरी आले. माझी सवय मात्र सुटली नाही.

"गोपाळबाब, तुमीच सांगा हिका," सुविधा मागे बाकावर बसलेल्या ह्यांना म्हणाली.

हे काठी टेकत माझ्यासमोर आले.

"काढ गे."

"तुमच्यासाठीच घालते ना मी?"

"माका ठाऊक आसा. मी हंयसर तुझ्यासमोर उभो आसंय मा? मगे?"

"लोक बघतायत."

"बघूंदेत. सांग त्यांका, घोव जितो आसा, काकणां सांभाळता."

पेडण्याच्या बायकाही हसल्या. ह्यांनी माझा अंगठा तळव्यात दुमडला आणि एकेक काकण हळूहळू उतरवलं. एकही तडकलं नाही. खालची कातडी पांढुरकी, लहान मुलाच्या अंगासारखी निघाली. मी तिच्याकडे फार वेळ बघितलं नाही.

सुविधाचा पट्टा बांधला. बोटांना मुंग्या येणार नाहीत इतपतच आवळला. चार पावलं टाकली, हात मागे नेला, सोडला. मनगट जागचं हललं नाही. बॉल मधोमध गेला आणि पिना घरंगळत एकमेकींवर पडल्या. शेवटची जराशी डुलली, मग तीही पडली.

मी वळले. सगळे टाळ्या वाजवत होते. हे तेवढे बाकावर बसले होते, काठी मांडीवर आडवी टाकून, दोन्ही तळव्यांत माझी काकणं झाकून.