दंतवैद्याच्या भिंतीसाठी बदकं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याचा स्टुडिओ आहे, त्या फोटोग्राफरनं जन्मभर बसलेल्या माणसांचे फोटो काढले. ओळखपत्राचे, पासपोर्टचे, नोकरीच्या अर्जाचे. "हनुवटी खाली, खांदे सरळ, हलू नका," एवढं म्हटलं की त्याचं अर्धं काम झालेलं असायचं. उरलेलं अर्धं त्याची बायको करायची: गिऱ्हाइकाची कॉलर नीट करणं, फोटो कापणं आणि "मी खरंच एवढा जाड दिसतो का?" या प्रश्नाला न हसता उत्तर देणं.

समोरच्या दाताच्या डॉक्टरनं दवाखान्याला नवा रंग लावून घेतला आणि एक दिवस तो स्टुडिओत आला. "बाहेरच्या खोलीतली भिंत रिकामी दिसतेय. मोठा फोटो हवाय. उडणारी बदकं."

"बसलेली चालतील?"

"बसलेले माझ्याकडे भरपूर असतात, आणि सगळे भेदरलेले. त्यांच्यासमोर काहीतरी मोकळं हवं."

"बदकंच ना? एका सकाळचं काम," फोटोग्राफर म्हणाला. आत बायकोच्या कात्रीचा आवाज क्षणभर थांबला.

सुटीच्या दिवशी तिघं तळ्यावर गेली. तिसरे म्हणजे त्याचे सासरे. बस चालवून निवृत्त झालेले. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं अशी त्यांची समजूत होती.

बदकं होती, खूप होती, पण पाण्यावर चिकटवल्यासारखी बसून होती. एकानं तर हनुवटीही खाली घेतली होती. फोटोग्राफर कॅमेऱ्याला डोळा लावून उभा राहिला. पाठ आखडली, डोळ्याला पाणी आलं. ते पुसायला त्यानं मान वळवली आणि फडफड फडफड, सगळा थवा पलीकडच्या काठावर!

पुढच्या खेपेला तो सावध होता. खटाखट बटण दाबलं. पाहतो तर नुसतं आकाश. एका कोपऱ्यात एक पाय.

"पाय छान आलाय हं," बायको म्हणाली.

"अगं, हे स्टुलावरचं गिऱ्हाईक नाही! पळणाऱ्याबरोबर कॅमेरासुद्धा फिरवावा लागतो. असा!" त्यानं फिरवून दाखवला. त्यात सासऱ्यांचा कान मात्र अगदी स्वच्छ आला.

"जावईबापू, उडवू का त्यांना?" सासऱ्यांनी विचारलं. विचारलं म्हणजे ओरडले. बदकं त्या प्रश्नानंच उडाली. या वेळी फोटोत आली खरी, पण सगळी पाठमोरी.

"हे डॉक्टरांकडे लावलं तर पेशंटच पळून चाललेत असं वाटेल," बायको म्हणाली.

आता तो इरेला पेटला. कॅमेरा तिच्या हातात देऊन, आणखी जवळ लपायला जागा मिळते का बघायला तो काठच्या गवतात शिरला. गवतात एक लांब मानेची हंसीण अंड्यांवर बसली होती. शेजारी तिचा नवरा पहाऱ्याला. त्यानं मान पुढे काढली आणि फूत्कार टाकला. फोटोग्राफरनं तळहात पुढे करून सवयीनं सांगितलं, "हलू नका."

तो हलला. फोटोग्राफर पळत सुटला, टोपी उडाली, एक बूट चिखलात राहिला. मागे खांद्याच्या उंचीवर पंख पसरून हंस. सासरे जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "डावीकडे घ्या! डावीकडे!" त्या आरड्याओरड्यानं तळ्यावरचं एकूण एक बदक हवेत उठलं. आणि बायकोनं कॅमेरा डोळ्याला लावला.

घरी कॉम्प्युटरवर फोटो उघडला तेव्हा तिघंही पडद्याकडे वाकली. पीस अन् पीस मोजून घ्यावं इतका स्पष्ट. मागे आभाळभर बदकं, पुढे हंस, आणि हंसाच्या पुढे आ वासलेला फोटोग्राफर. हंसापेक्षा त्याला ती स्पष्टताच जास्त लागली.

"कसा काढलास हा?"

"तुम्हीच सांगितलं ना, पळणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवायचा. मी तुमच्याबरोबर फिरवला."

दुपारभर तो स्वतःला त्या फोटोतून काढून टाकायच्या मागे होता. पण हंसाचा एक पंख नेमका त्याच्या डोक्यावर आलेला. त्याला कापलं की हंस लुळा व्हायचा. शेवटी तसाच फोटो घेऊन, माफी मागायच्या तयारीनं तो दवाखान्यात गेला. डॉक्टर हसता हसता भिंतीला टेकला. गाल सुजलेली एक बाई वाकून बघायला आली आणि "आई गं!" म्हणत गाल धरून खिदळायला लागली.

"राहू दे हा माणूस," डॉक्टर डोळे पुसत म्हणाला. "आज पहिल्यांदाच कुणीतरी न सांगता तोंड उघडलंय."

फोटो भिंतीवर लागला. सुरुवातीला फोटोग्राफर त्या फुटपाथनं जायचंच टाळायचा. सासऱ्यांच्या तोंडात मात्र स्वतःचा एकही दात नसताना ते रोज सकाळी दवाखान्यात जाऊन बसू लागले आणि येणाऱ्या प्रत्येकाला हकिकत सांगू लागले. त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे स्टुडिओपर्यंत येतो. हंस दर आठवड्याला थोडा वाढतो. सध्या तो दारात मावत नाही. फोटोग्राफर सगळं ऐकतो, पण दुरुस्ती करायला जात नाही, कारण सासऱ्यांच्या हकिकतीत जावई हंसाला मागे टाकून कितीतरी पुढे निघून जातात.