मधली खुर्ची

“पंखा बंद करा बापा कोनीतरी,” टीव्हीच्या कपाटामागून देवाजींचा आवाज आला. “या घरघरीत मले काही ऐकू येऊन नाही राहिलं.”

ओमप्रकाशशेठ स्वतः उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. मार्चचा शेवटचा रविवार होता. धरमपेठेतल्या त्या नव्याकोऱ्या बंगल्याच्या दिवाणखान्यात माणसं घामानं निथळू लागली, पण कुणी हूं की चूं केलं नाही. देवाजी ठवकर आवाज लावत होते, आणि ते आवाज लावत असताना कुणी बोलायचं नाही, ही मंडळींची जुनी रीत होती.

रीत अशी, की कुणाच्याही घरी नवा बाजा लागला की दोन बाजूंना दोन स्पीकर मांडायचे आणि समोर बरोबर मधोमध एक खुर्ची ठेवायची. त्या खुर्चीत पहिल्यांदा देवाजी बसणार. ऐकणार, उठणार, एखादं बटण केसभर फिरवणार, पुन्हा येऊन बसणार. ते ‘झालं’ म्हणेपर्यंत घरच्या मालकानंही बटणाला हात लावायचा नाही. ‘झालं’ म्हटलं की मगच आतून चहा यायचा. ओमप्रकाशशेठ इतवारीतले कापडाचे मोठे व्यापारी, पण त्यांच्या चहालाही या एका शब्दासाठी ताटकळावं लागे.

देवाजी तसे कोण? मिलच्या लूमखात्यातले फिटर. गणेशपेठेत दोन खोल्यांत भाड्यानं राहणारे. तिशीत असताना त्यांनी जुन्या बाजारातून एक जळका रेडिओ उचलून आणला आणि तो उघडून बसले. शिकवायला कुणी नव्हतं. एक तार इकडची तिकडे लावावी, धूर निघाला तर चुकलं म्हणावं, नाही निघाला तर पुढं जावं, असं ते शिक्षण होतं. कुणाकडून इंग्रजी मासिक मिळालं तर त्यातला तारांच्या जोडणीचा नकाशा तेवढा उतरवून घ्यायचा, बाकीचा मजकूर त्या इंग्रजाला लखलाभ. खर्जाचा आवाज घुमायला पोकळी लागते हे कळलं, तेव्हा त्यांनी ऐन मे महिन्यात घरातला पाण्याचा माठ रिकामा करून त्याच्या तोंडावर स्पीकर बसवला होता. त्यांच्या बायकोनं, कांताबाईंनी, तेव्हा अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं होतं, “मंग प्यायचं काय? गानं?”

माठानंतर लाकडी पेट्या आल्या, जळक्या रेडिओतून अॅम्प्लिफायर उभा राहिला, आणि त्या आवाजाच्या वासानं माणसं येऊ लागली. बँकेतला केशव आला, कॉलेजच्या प्रयोगशाळेतले भैयाजी आले, ओमप्रकाशशेठ आले. सगळे हौशी. तारांना डाग देता देता बोटं भाजून घेणारे आणि वर ती एकमेकांना कौतुकानं दाखवणारे. मिलमध्ये देवाजींना सगळे ‘ए फिटर’ म्हणत. रविवारी ही हौशी माणसं मात्र त्यांच्या तोंडाकडे पाहत बसत. माणसाला जगायला एवढं पुष्कळ होतं.

आज शेठजींच्या घरी व्हीसीआर आला होता. दुबईच्या मेहुण्यानं आणलेला. त्याला देवाजींनीच बनवलेला अॅम्प्लिफायर जोडायचा होता. देवाजींच्या घरी जो होता, त्याच नकाशाचा, त्याच मापाच्या सामानाचा, जुळ्या भावासारखा दुसरा. लावायची कॅसेट शेठजींच्या नीलाच्या लग्नाची होती. नीला दिवाळीनंतर लग्न होऊन रायपूरला गेली होती, आणि शेठजींची आई रंभाबाई पहिल्या ओळीत पदर सावरून बसल्या होत्या. नातीचा आवाज त्यांना मोठ्या स्पीकरवर ऐकायचा होता.

सनई सुरू झाली. देवाजी खुर्चीत बसले. खर्ज ठीक होता. मग त्यांचा हात ट्रेबलच्या बटणाकडे गेला. आवाजाला धार देणारं बटण ते. धार कमी पडली की आवाज गोधडीतून आल्यासारखा वाटतो, जास्त झाली की कानाला लागतो. पूर्वी देवाजी ते पाचाच्या आसपास ठेवत. गेल्या वर्षी मात्र त्यांना स्वतःच्याच घरचा आवाज मिणमिणता वाटू लागला आणि बटण सरकत सरकत आठावर गेलं. तेव्हा मनात पाल चुकचुकली होतीच. कुकरची शिट्टी हल्ली त्यांना ऐकू येत नसे, घरात ती जबाबदारी कांताबाईंनी गुपचूप स्वतःकडे घेतली होती. लूमखात्यात मागांच्या खडखडाटात आयुष्य कापसाचे बोळे कानात घालून काढलेलं. सोबतचे सगळे फिटर बहिरे झाले, आपण तेवढे वाचलो, असा देवाजींचा समज होता आणि थोडा तोराही होता. पण आठावर बटण ठेवूनही मंडळी रविवारी येत होती, माना डोलवत होती, ‘वा देवाजीभाऊ’ म्हणत होती. मग कान बरोबरच असणार. त्यांनी आठाच्या आकड्याजवळ खिळ्यानं एक ओरखडा ओढला आणि पुन्हा त्या बटणाला हात लावला नाही. नंतर घरचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला, तेव्हा टेपचं हेड मळलं असेल म्हणून ते स्पिरिटनं पुसपुस पुसलं.

इथं त्यांनी बटण आठावर नेलं, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. सनईची पत्ती थरथरलेली ऐकू आली. बायकांच्या बांगड्या, अक्षतांची सळसळ, कुणाच्या तरी पैंजणाचं एकच घुंगरू. किती दिवसांत हे ऐकलं नव्हतं! जुना मित्र रस्त्यात भेटावा तसा त्यांना आनंद झाला. डोळे भरून आले.

“झालं,” ते म्हणाले आणि हसत मागे वळले.

मागे सगळ्यांचे चेहरे दात दुखत असल्यासारखे झाले होते. भैयाजी कपाळ चोळत होते. केशव जमिनीकडे पाहत होता.

“हे काय गा देवाजी,” रंभाबाईंनी दोन्ही कानांवर पदर दाबला. “माह्या नातीचं लगन हाय का भांड्याचं दुकान? कानात सुया टोचून राहिल्या!”

“माय, तू चूप बस वं,” शेठजी घाईनं म्हणाले. “तुले काय समजते? नवीन मशीन आहे, असंच राहते. मस्त लागलं देवाजी, एकदम मस्त.”

“फस्ट क्लास,” भैयाजी म्हणाले.

“हो न, फस्ट क्लास,” आणखी कुणी म्हणालं.

देवाजींनी जन्मभर यंत्रं दुरुस्त केली होती. आवाज बिघडला की तो कुठून आला ते शोधायचं, एवढंच त्यांना येत होतं. या ‘फस्ट क्लास’चा आवाज बिघडलेला होता. त्यांनी केशवकडे पाहिलं. केशव एरवी सगळ्यांच्या आधी बोलायचा, आज त्यानं वर मान केली नाही.

चहा आला. देवाजींनी तो बशीत ओतून भराभर प्यायला, पिशवी उचलली आणि कांतानं लवकर बोलावलंय अशी थाप मारून ते निघाले.

सीताबर्डीच्या चढावर ते सायकलवरून उतरले आणि हातात धरून चालू लागले. ऊन डोक्यावर होतं. डोक्यात एकच गणित फिरत होतं. दोन्ही मशिनी एका नकाशाच्या. घरी आठावर सगळ्यांना गोड लागतं, शेठजींकडे आठावर कानात सुया टोचतात. रंभाबाई म्हातारी, तिचं सोडा. पण भैयाजी कपाळ काहून चोळत होते? दोन जुळ्यांपैकी एक खोटं बोलत होतं.

घरी आल्यावर त्यांनी पाणीही मागितलं नाही. तडक अॅम्प्लिफायरपुढे बसले. ट्रेबलच्या बटणावरचा पांढरा ठिपका आठाच्या ओरखड्यावर होता, त्यांनी ठेवला होता तिथंच. त्यांनी बटण उजवीकडे फिरवलं. दहावर ते अडायला हवं होतं. ते अडलं नाही. ठिपका दहाच्या पुढे गेला, जिथं आकडा नव्हता, नुसता कोरा पत्रा होता, तिथपर्यंत गेला आणि मग थांबला.

देवाजींच्या लक्षात आलं. बटणाच्या पोटात एक बारका स्क्रू असतो. तो ढिला करायचा, आतली दांडी मागे फिरवून धार उतरवायची आणि बटण पुन्हा आठावरच बसवून टाकायचं. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. ही युक्ती त्यांनीच केशवला दाखवली होती, एका भलत्याच कामासाठी.

“कांता,” त्यांनी हाक मारली.

कांताबाई पीठ भरल्या हातांनी दारात आल्या. नवऱ्याची बोटं कुठं आहेत ते त्यांनी पाहिलं आणि त्या तिथंच उंबऱ्यावर टेकल्या.

“केशवनं केलं न हे?”

“केशवनं केलं. पन म्या सांगतलं म्हनून केलं,” कांताबाई म्हणाल्या. “त्याले काही बोलू नका. तो रडला होता.”

“काहून सांगतलं?”

“तुमी धार वाढवत चालले होते. माहं डोकं ठणकत होतं, तरी मी चूप होती. मंग मंडळी लवकर उठून जायले लागली. कोनाची बायको बिमार, कोनाकडे पाहुने. तुमाले ते खरंच वाटत होतं. आन् मंग एका रविवारी कोनीच नाही आलं. तुमी धुतलेला सदरा घालून दिवस बुडेपर्यंत दारात बसून राहिले. मले नाही पाहवलं.”

देवाजींना तो रविवार आठवला. गावात कुणाची तरी वरात असेल, असं त्यांनी तेव्हा मनाला सांगितलं होतं.

“मले सांगता नव्हतं येत?”

“काय सांगू? तुमचे कान गेले म्हनून सांगू?” कांताबाईंचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “दुसरं काय होतं तुमच्यापाशी?”

देवाजींना राग यायला हवा होता आणि तो येतही होता, पण तो वर येईपर्यंत दमून गेला. सबंध वर्षभर आपण त्या खुर्चीत राजासारखे बसलो, ‘झालं’ म्हणालो, आणि बाकीचे सगळे आपल्याला सांभाळून घेत राहिले. लहान मुलाला पतंगाची दोरी हातात देऊन मागून दुसऱ्यानं धरावी तसं. लाज वाटली. आणि लाजेच्या खाली कुठंतरी, आपल्यासाठी चार माणसांनी एवढा उपद्व्याप केला, याचं बरंही वाटलं. ते त्यांनी कबूल केलं नसतं.

“शेठजीकडे जायले सांगजो केशवले,” शेवटी ते म्हणाले. “ते बटन खाली घ्यायचं आहे. म्हातारीले नातीचा आवाज ऐकाचा आहे. आन् सगळ्यायच्या समोर कर म्हना. लपून नोको.”

“सांगतो,” कांताबाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून सगळ्यात बारका पेचकस काढला. स्क्रू ढिला केला, बटण ओढून काढलं, दांडी डावीकडे पार अडेपर्यंत फिरवली आणि ठिपका शून्यावर आणून बटण सरळ बसवलं. स्क्रू आवळला. मशीन पुन्हा खरं बोलू लागलं. मग त्यांनी सतारीची टेप चढवली.

“बस इथं,” ते म्हणाले.

“कुठं?”

“खुर्चीत.”

कांताबाईंनी त्या खुर्चीखालचा केर रोज काढला होता. तिची गादी दर दिवाळीला नवी शिवली होती. तिच्यात त्या कधी बसल्या नव्हत्या. बसू नका असं कुणी म्हटलं नव्हतं, बस असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्या हात पुसत आल्या आणि कडेला टेकल्या.

“मांगं टेकून बस. डोळे मीट. बराबर वाटलं का सांगजो.”

“मले काय समजते त्यातलं?”

“पयले तुलेच समजलं न?”

सतार वाजू लागली. देवाजींनी बटण हळूहळू वर न्यायला सुरुवात केली. एक. दोन. त्यांच्या कानाला काही फरक पडत नव्हता. सतार आपली गोधडीखाली वाजावी तशी वाजत होती. म्हणून त्यांनी ऐकणं सोडून दिलं आणि ते बायकोच्या तोंडाकडे पाहू लागले. कपाळावर एक आठी होती. तीनवर ती तशीच राहिली. चारच्या पुढे ती ढिली पडायला लागली. मग मिटलेल्या पापण्यांखाली काहीतरी हललं, खांदे खाली आले, आणि पीठ लागलेली बोटं मांडीवर नकळत उघडली. या बाईला सतार आवडते, हे देवाजींना या वयात कळत होतं. त्यांनी बटण आणखी थोडं पुढे नेलं. आठी परत आली. ते मागे आले. आठी गेली.

“झालं,” कांताबाई म्हणाल्या.

देवाजींनी बटणावरून हात काढला. ठिपका पाचाच्या जरासा अलीकडे होता, पूर्वी ते स्वतः ठेवायचे तिथंच.

कांताबाई डोळे उघडून उठायला लागल्या. “चहा टाकतो,” त्या म्हणाल्या.

“तू बस. टेप संपू दे,” देवाजी म्हणाले आणि आत गेले.

त्यांनी स्टोव्ह पेटवला, पाणी ठेवलं, साखरेचा डबा शोधून काढला. बाहेर सतार चालू असावी. ते भांड्यावर नजर ठेवून उभे राहिले, आणि पाणी उकळू लागलेलं दिसल्यावर त्यांनी पत्ती टाकली.