गंगेची माती आणि उष्टी खापरे

मित्रांनो, मी एक जुनी कुंडी आहे. गंगेकाठच्या बागबाजारातल्या एका घराच्या गच्चीवर, कठड्याला टेकून बसलेली असते. माझ्या काठाचा टवका उडाला आहे, अंगावर शेवाळ चढले आहे आणि बुडाला एक भोक आहे. टवक्याचे आणि शेवाळाचे मला काही वाटत नाही, म्हातारपणी ते शोभतेच. पण त्या भोकापायी मी जन्मभर मान खाली घालून बसले.

दत्तपुकुरच्या कुंभाराने मला चाकावरून उतरवले आणि ओली असतानाच माझ्या बुडात अंगठा खुपसला. शेजारी घागरी होत्या, रांजण होते. भट्टीत आम्ही सगळीच लाल झालो. ती आगीने, मी लाजेने. "चाळणसुद्धा सुईच्या भोकाला हसते, मग आपण हिला का हसू नये?" असे एक घागर म्हणाली. त्यावर भट्टी अशी खदखदून हसली की तीन गावांचे कावळे उडाले. खोटे वाटत असेल तर कावळ्यांना विचारा.

मला घरी आणले ते नृपेन हालदार यांनी. ते शाळेत भूगोल शिकवत आणि गच्चीवर चंद्रमल्लिका फुलवत. चंद्रमल्लिका म्हणजे तुमची शेवंतीच, पण नारळाएवढी, पांढरीशुभ्र, पाकळ्या आत वळलेल्या. एका पौषात तर चंद्र तिला आपली धाकटी बहीण समजून आमच्या कठड्यावर येऊन टेकला होता.

लोक फूल बघत. मातीकडे कोण बघणार? पण नृपेनबाबूंचा जीव होता मातीत. बागेतली माती ते वैशाखाच्या उन्हात वाळवत. त्यात कुजलेला पाला, मुरलेले शेणखत आणि जाडी वाळू घालत. मग बायकोची, म्हणजे आमच्या कनकलताबौदींची (बौदी म्हणजे वहिनी), पिठाची चाळण पळवून सगळे चाळत. शेवटी ओलसर मातीची मूठ आवळून उघडत. लाडू वळला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. वळला नाही तर आणखी पाला, फुटला नाही तर आणखी वाळू. भरण्याआधी मातीच्या फुटक्या पेल्यांची खापरे माझ्या भोकावर पालथी ठेवत, म्हणजे माती अडे आणि पाणी वाहे.

ते पाणी खालच्या सज्जात, नेमके बौदींच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर ठिबके. बौदी खालून माझा उद्धार करत आणि मी शरमेने आणखी लाल होई.

मग एका श्रावणात नृपेनबाबू गेले. बाकीची रोपे एकेक करून वाळली, मी जपलेले तेवढे राहिले. बौदींचे गुडघे जिना चढू देईनात. त्यांनी धाकट्या दिराला, म्हणजे आपल्या ठाकुरपोला, बिजनबाबूंना बोलावले.

"ठाकुरपो, त्यांच्या हातचं हे एवढं एकच उरलंय. ते जगलं पाहिजे. दुसरं मी काही मागत नाही."

"बौदी, तुम्ही काळजीच सोडा," असे म्हणून बिजनबाबू वर आले. माणूस प्रेमळ आणि देवभोळा होता, रोज पहाटे गंगास्नान करणारा. पण मातीशी त्यांचा संबंध टिळ्यापुरता. माझी जुनी माती उपसताना त्यांनी नाक दाबले. शेण, सडका पाला! दादाच्या रोपाला असली घाण? ते अनवाणी घाटावर गेले आणि बादलीभर गंगेची माती घेऊन आले, मऊ आणि लोण्यासारखी. मग बुडाशी हात घातला तर खापरे लागली. ती त्यांनी हुंगली. चहा!

"कुणाकुणाच्या तोंडाची उष्टी," ते पुटपुटले. पवित्र मातीखाली ती कशी ठेवणार? त्यांनी ती दूर भिरकावली आणि गंगेची माती चापून चापून भरली.

मी गंगेला नावे ठेवत नाही. तिच्या मातीच्या मूर्ती साऱ्या शहरात बसतात. पण मित्रांनो, मूर्तीला मुळे नसतात.

ती माती माझ्या भोकात बुचासारखी बसली. ठिबकणे थांबले आणि मी, मूर्ख, हरखले! आता मला कोण हसणार? महिन्याभरात माझ्या पोटातून आंबट वास येऊ लागला. पाने पिवळी पडली, खालून गळू लागली. बिजनबाबू आणखी पाणी घालत, वर गंगाजळही शिंपडत. संध्याकाळी बौदी जिन्याखालून विचारत, "कसं आहे?" आणि ते वरूनच सांगत, "कळ्या धरल्यात, बौदी." सांगताना ते माझ्याकडे पाठ करत.

पौष संक्रांतीला वर येऊन फूल बघणार, असे बौदींनी कळवले तेव्हा बिजनबाबूंना घाम फुटला. त्यांनी वाळलेले रोप ढेकळासकट टाकीमागे लपवले, श्यामबाजारातून फुललेली चंद्रमल्लिका आणली आणि माझ्यात खोचली.

बौदी पायरीपायरीवर बसत वर आल्या. शेजारच्या गच्च्यांवरून लोक ओरडले, "वा बिजनदा, दादांचा हात उतरला तुमच्यात!" बिजनबाबू हसले, पण ते हसू रडण्याच्या शेजारचे होते. आणि मी? परक्याची पोर मांडीवर घेऊन बारशाचे पेढे खावेत, तसे मला झाले.

बौदींनी एका पाकळीवरून बोट फिरवले. पाकळी बाहेर वळली होती.

"छान आहे हे, ठाकुरपो," त्या हळूच म्हणाल्या. "आपलं कुठंय?"

शेजाऱ्यांना एकदम घरची कामे आठवली. बिजनबाबूंनी टाकीमागून ढेकूळ आणून त्यांच्या पायाशी ठेवले.

"मी मारलं, बौदी. गंगेची माती घातली, तरी मेलं."

बौदींनी ढेकूळ उचलून माझ्या काठावर आपटले. माझा टवका उडाला तो असा. ढेकूळ फुटले. सडक्या मुळांच्या एका कडेला नखाएवढा हिरवा कोंब होता.

"बुडाशी खापरं नव्हती?"

"उष्टी होती ती."

बौदींनी हातातली माती झटकली. मग मान खाली घालून म्हणाल्या, "माझ्या पलंगाखाली पोतं आहे. घेऊन या."

पोत्यात पेलेच पेले होते. नृपेनबाबू रस्त्यावर चहा पीत आणि पेला खिशात घालून घरी आणत. बौदींना वाटे, यांना माझ्या हातचा चहा आवडत नाही. त्या रागाने त्यांना वर्षानुवर्षे पाणचट चहा दिला होता. "मी कधी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि पेले कुंडीसाठी आणतो, हे त्यांना कधी सांगता आलं नाही."

त्या दिवशी दोघांनी माती केली. आठवून आठवून, एकमेकांच्या नजरा चुकवत. बिजनबाबूंनी शेणखतात हात घातला आणि नाक दाबले नाही. मूठ उघडली तर लाडू फुटेना. आणखी वाळू घातली, तेव्हा फुटला. माझ्या भोकावर खापर पालथे ठेवताना त्यांनी ते आधी कपाळाला लावले. कोंब लावून पाणी घातले आणि दोघे वाकून माझ्या बुडाकडे बघत बसले. जन्मात माझ्या त्या जागेकडे कुणी इतक्या आशेने बघितले नव्हते.

थेंब सुटला. खाली सज्जात सांडग्यांवर टपकन पडला. बिजनबाबू चपापले.

"पडू दे," बौदी म्हणाल्या. "सांडगे सरकवता येतात."

मित्रांनो, तुम्ही कुंडीत रोप लावाल तेव्हा माती पवित्र आहे का, हे विचारू नका. मूठ आवळा, तीच सांगेल. बुडाशी पाण्याला वाट ठेवा. आणि जाणत्या माणसाला जे विचारायचे ते तो चहा पीत समोर बसला आहे तोवर विचारून घ्या. नंतर खापरे तेवढी उरतात.